गर्भद्वार, माजघर आणि दालन

जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातील भूतलेण्यांमध्ये एका चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीवर एक अतिशय त्रोटक प्राकृत लेख कोरलेला आहे. चंद नावाच्या यवनाने दिलेले धर्मदान, ‘गभदार’, एवढाच त्याचा आशय. लिपीवरून तो इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला ठरतो. ‘यवन’ ही संज्ञा मुळात आयोनियातील ग्रीकांची. जुन्नरच्या लेखांत असे आणखी दोन यवन भेटतात. त्यांपैकी इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली आणि चिताने भोजनमंडप दिला. हे सारे रक्ताने ग्रीक होते की केवळ त्या नावाने ओळखले जाणारे पश्चिमेकडचे लोक होते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु एक यवन महाराष्ट्राच्या डोंगरात दार अर्पण करतो आणि त्या दाराला येथल्या लोकभाषेतले नाव देतो, एवढे तरी निर्विवाद आहे. त्या नावातील उत्तरपद म्हणजे आजच्या मराठीतले ‘दार’च होय.

‘गभदार’ म्हणजे गर्भद्वार. आजच्या मराठी वाचकाला या शब्दाने गाभाऱ्याचे दार, म्हणजे देवळातील सर्वांत आतले दार, आठवेल. लेख मात्र कोरलेला आहे तो लेण्याच्या अगदी बाहेरच्या अंगावर. म्हणूनच इंग्रजी भाषांतरकारांनी येथे ‘दर्शनी भाग’ असा अर्थ घेतला, आणि तो प्रसंगाला धरून आहे. विसंगती दिसते ती आपण देवळाचा नकाशा मनात धरून लेण्यासमोर उभे राहतो म्हणून. शैलगृहात कोरून पोकळ केलेला सगळा अंतर्भाग हाच गर्भ. त्याचे दार ते गर्भद्वार, मग ते डोंगराच्या बाहेरच्या अंगावर का असेना. पुढे देवळाला सभामंडप आला, अंतराळ आले, आणि ‘गर्भ’ एकेक पाऊल आत सरकत गेला. ‘गर्भागार’ हा शब्द तर संस्कृतात घरातल्या आतल्या खोलीलाही, शयनगृहालाही लागत असे. त्यातून आलेला ‘गाभारा’ मराठीत देवाकडेच राहिला.

याच्या नेमकी उलट वाट ‘ओवरी’ने धरली. संस्कृतातील ‘अपवरक’ म्हणजे घराच्या आतली, आडोशाची खोली. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत क्षत्रप नहपानाची कन्या आणि उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिच्या दानलेखात ‘ओवरक’ येतो. तेथे तो विहाराच्या मंडपाभोवती असलेल्या भिक्षूंच्या खोलीसाठी वापरला आहे. खोली आतलीच आहे, पण आता ती एका रांगेतली झाली आहे. ही रांग पुढे देवळाच्या प्राकाराला जाऊन चिकटली आणि ओवरी म्हणजे आवाराच्या भिंतीलगतची, यात्रेकरूने पथारी पसरण्याची जागा ठरली. घराच्या पोटातला शब्द देवळाच्या कडेला गेला. हिंदीत ‘ओबरी’ अजून लहानशी कोठडीच आहे.

घराच्या भागांची नावे वस्तूला चिकटून राहत नाहीत. बोलणारा कोठे उभा आहे, त्याच्या आत कोण आणि बाहेर कोण, यावर ती ठरतात. हे ध्यानात न घेता शब्दकोशावरून घराचा इतिहास रचू पाहणाऱ्याची फसगत ठरलेलीच. ही अडचण नवी नाही. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस ग्रीक घराचे वर्णन करताना याच जागी अडखळला होता. ग्रीकांच्या घरी ‘आंद्रोन’ म्हणजे पुरुषांच्या मेजवानीचे दालन. रोमन लोक मात्र दोन चौकांमधल्या बोळाला ‘आंद्रोन’ म्हणू लागले, ज्या बोळाला ग्रीक ‘मेसाउलोस’ म्हणत, असे तो नोंदवतो. ‘प्रोथ्युरा’चीही तीच गत. ग्रीकांकडे तो दारापुढचा भाग, आणि रोममध्ये त्याच नावाने भलतीच वस्तू ओळखली जाई.

खुद्द अथेन्समध्येही शब्द स्थिर नव्हते. इसवी सनपूर्व ४००च्या सुमारास लिसियसने एका खुनाच्या खटल्यातील आरोपीसाठी भाषण लिहून दिले. आपले लहानसे दुमजली घर खाली-वर सारखेच होते, एका मजल्यावर स्त्रियांचा भाग आणि दुसऱ्यावर पुरुषांचा, असे त्यात हा गृहस्थ सांगतो. मूल झाले तेव्हा त्याला न्हाऊ घालण्यासाठी बायकोला जिन्यावरून खाली उतरावे लागू नये म्हणून तो स्वतः वर राहू लागला आणि बायका खाली आल्या. ‘ग्युनाइकोनिटिस’ हे नाव एका तान्ह्या मुलापायी मजला बदलून खाली आले! त्या रात्री चौकाचे बाहेरचे दार आणि मधले दार, दोन्ही वाजल्याचे त्याला पुढे आठवते. पत्नीचे गुपित फुटल्यावरच या दोन दारांच्या आवाजाचा अर्थ त्याला उमगतो. ओलिंथस हे नगर इसवी सनपूर्व ३४८ मध्ये उद्ध्वस्त झाले. १९२८ ते १९३८ या काळात तेथे झालेल्या उत्खननात अनेक घरांतले आंद्रोन ओळखता आले. बैठकांसाठी कडेने उंचावलेली जमीन आणि भिंतीच्या मध्यावर नसलेले दार ही त्याची खूण. स्त्रियांचा म्हणून वेगळा काढता येईल असा भाग मात्र हाती लागला नाही. पुरुषांच्या खोलीला भिंती होत्या, पण ‘स्त्रियांचा भाग’ बहुधा भिंतींनी नव्हे, तर परका पुरुष घरात आहे की नाही यावरून ठरत असावा, असे अलीकडचे अभ्यासक मानतात.

माजघराकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘माज’ म्हणजे मध्य, आणि माजघर म्हणजे मधले घर. बायकांचा वावर तेथे असला तरी नावात स्त्रीचा उल्लेख कोठेच नाही. कोकणातल्या घरात अंगण, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि परसदार असा क्रम लागतो. पाहुणा कोणत्या पायरीवर थांबतो, यावरून त्याचे नाते कळते. ओटीवरून माजघरात येणाऱ्या पुरुषाला नाव लागते, तो मामा असतो, मेहुणा असतो. कादंबऱ्यांतील माजघराला सरसकट ‘अंतःपुर’ समजणारी समीक्षा त्या नावातील ‘मध्य’ विसरते.

देशावरच्या वाड्यात आणखी एक गोष्ट दिसते. परभाषेतून आलेले शब्द बाहेरच्या चौकात मुक्कामाला राहिले. दरवाजा, सदर, दिवाणखाना ही सारी नावे फारसी-अरबीची. आत माजघर, देवघर, कोठी, न्हाणी हे जुने शब्द टिकले. (मोठ्या वाड्यातला मुदपाकखाना हा अपवाद, तेथे स्वयंपाकही दरबारी होता.) ‘दरवाजा’ मात्र परका असूनही परका नाही. फारसी ‘दर’, संस्कृत ‘द्वार’ आणि ग्रीक ‘थ्युरा’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. वाड्याच्या वेशीवरचा दरवाजा आणि आतले दार हे दूरचे भाऊबंद एकाच घरात पुन्हा भेटले.

भाषांच्या सीमेवर ही सरकासरक अधिक स्पष्ट होते. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे गेले, १७९८ मध्ये तो मुलूख नागपूरकर भोसल्यांना मिळाला, आणि १८१७च्या डिसेंबरात जबलपूर इंग्रजांच्या हाती पडले. त्या शहरात मराठी बोलणारी कुटुंबे राहिली. नाल्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ओमतीसारख्या वस्तीत घराबाहेर पाऊल टाकले की कानी पडते ती हिंदी. अशा ठिकाणी हिंदी भाषक ‘ड्योढी’ म्हणतो तेव्हा त्याला उंबरठ्यालगतची प्रवेशाची जागा अभिप्रेत असते. त्याच शब्दाची मराठी ‘देवडी’ म्हणजे दरवाजाच्या आतली पहारेकऱ्यांची बैठक. बुंदेलीतली ‘पौर’ म्हणजे घरात शिरतानाची पहिली खोली. ती ‘प्रतोली’वरून आली, आणि प्रतोली तर नगराची वेस! ‘दालान’चा प्रवास सर्वांत मौजेचा. फारसीत तो आच्छादलेला बोळ, हिंदीत घराचा मोकळा सोपा, आणि मराठीत ‘दालन’ होऊन बंद दाराची खोली, इतकी की आज मंत्र्याच्या कार्यालयातील खास खोलीलाही तेच नाव आहे. रोमन लोकांनी ग्रीक बैठकीचा बोळ केला. मराठीने फारसी बोळाची बैठक केली.

एका बाबतीत मात्र या भाषा विलक्षण एकमताने वागतात. ग्रीकात ‘थ्युरासि’, शब्दशः ‘दारांशी’, याचा अर्थ ‘घराबाहेर’. लॅटिनमध्ये ‘फोरिस’चाही तोच अर्थ. मराठीत तुळस दारी असते, याचक दारी येतो, आणि कोकणात मागीलदारी म्हणजे घरामागच्या वाडीत. दार हे आत येण्याचे साधन, पण त्याच्या नावाने सांगितले जाते ते बाहेर. हे शब्द घडवणारा माणूस आत बसलेला होता. मानमोडीच्या लेखात तो बाहेर उभा आहे, कमानीकडे तोंड करून, आणि त्याला दिसणाऱ्या पहिल्याच दाराला तो गर्भाचे दार म्हणतो.