न लागणारी नाडी

पौड हें मुळशी तालुक्याचें ठाणें. पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या वाटेवरचें. या मावळी मुलखांतून पोटासाठीं मुंबईस जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. तेथें जेवणाचे डबे पोंचविणारे पुष्कळ लोक मुळशी-मावळचेच. मुंबईंत अशा कष्टकऱ्यांचा आसरा म्हणजे परळचें केईएम रुग्णालय. तें १९२६ सालीं उभें राहिलें. त्याच्या इतिहासांतील एक प्रकरण आमच्या सुशिक्षित वर्गासही फारसें ठाऊक नाहीं.

डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचें नांव निघालें कीं तेथील १९६८ सालची हृदयरोपणाची शस्त्रक्रिया आठवते. भारतांतील ती पहिलीच. रोगी कांहीं तासांतच दगावला. गाजलेल्या त्या एका दिवसापेक्षां सेन यांचें रोहिण्यांवरील काम मला अधिक मोलाचें वाटतें.

रोग असा. हृदयापासून निघणारी महारोहिणी व तिच्या शाखा यांच्या भिंतींस दाह होतो, भिंत जाड होते आणि वाट अरुंद होते. बळी पडतात त्या बहुधा तरुण स्त्रिया. जपानी नेत्रवैद्य ताकायासु यांनीं १९०८ सालीं अशा एका स्त्रीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांची चमत्कारिक रचना नोंदविली. अशा रोग्यांच्या मनगटाची नाडीच लागत नाहीं हेंही पुढें ध्यानांत आलें. आमच्या वैद्यांनीं सारी भिस्त नाडीवर ठेवली, आणि येथें नाडीच हरवलेली! पाट मध्येंच बुजला म्हणजे वर पाणी तुंबतें व खालचें भातखाचर सुकतें, हें पौडच्या शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. महारोहिणी छातींत खालीं किंवा पोटांत आवळली कीं हातांतील रक्तदाब भडकतो, मांडीची नाडी मात्र मंदावते. त्यांत मूत्रपिंडाची रोहिणी आवळली, तर रक्त कमी मिळालेलें तें इंद्रिय सर्व शरीराचा दाब आणखी वाढवितें. विशींतल्या मुलीचें हृदय त्या ओझ्याखालीं थकून जातें.

पाश्चात्त्य देशांत हा रोग विरळ. तेव्हां तिकडील ग्रंथ पाठ करून भागण्यासारखें नव्हतें. आपल्याच खाटांवरचे रोगी पाहावे लागले, आणि जे गेले त्यांच्या रोहिण्या उलगडून तपासाव्या लागल्या. सेन, किनारे, इंजिनीअर व परुळकर यांनीं १९६३ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकांत महारोहिणीच्या मधल्या भागाच्या या संकोचाचें वर्णन केलें. १९७३ सालीं सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं भारतांतील या रोगावर स्वतंत्र ग्रंथच सिद्ध केला.

रक्तवाहिनी शिवण्याची रीत बसविणाऱ्या कॅरेल यांस १९१२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें. तिच्याच बळावर, अडथळा तसाच ठेवून, कृत्रिम नळीनें रक्तास दुसरी वाट करून देतां येते. दाह धगधगत असतां मात्र ही वाट पुन्हा बुजण्याचें भय मोठें. म्हणून तो औषधानें शमेपर्यंत शक्य तों हात आवरावा लागतो. आतां पुष्कळदां जांघेंतील रोहिणींतून बारीक फुगा आंत नेऊन अरुंद वाट रुंद करतात. त्याआधीं कोणी तरी दोन्ही हातांचा आणि पायांचा दाब मोजलेला असावा लागतो. तरुण मुलीच्या डोकेदुखीस व धापेस 'अशक्तपणा' म्हणून तिला घरीं धाडण्याची चाल अजून गेलेली नाहीं.