पोर्शे ९११ : मध्यावधी आवृत्तीतील यांत्रिक बदल

जर्मनीतील श्टुटगार्ट येथील पोर्शे कंपनीची ९११ ही स्पोर्ट्‌स कार १९६३ पासून लोकांसमोर आहे. तिची एक पिढी बाजारात आली, की चार-पाच वर्षांनी त्याच पिढीची सुधारित आवृत्ती येते. बहुतेक मोटारींच्या बाबतीत अशी आवृत्ती म्हणजे नवे दिवे, नवा बंपर आणि मोठा स्क्रीन. ९११ चा गेल्या दोन दशकांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. या गाडीच्या इंजिनातील मोठी स्थित्यंतरे नव्या पिढीपेक्षा मध्यावधी आवृत्तीतच अधिक घडली आहेत. त्यामुळे येऊ घातलेल्या आवृत्तीत यांत्रिकदृष्ट्या काय बदलेल याचा अंदाज बांधायचा, तर बाह्यरूपाच्या चोरट्या छायाचित्रांपेक्षा दोन गोष्टी अधिक उपयोगी पडतात : धुराविषयीचे नियम कोणत्या दिशेने कडक होत आहेत, आणि चालू पिढीच्या सांगाड्यात कशासाठी जागा राखून ठेवली आहे.

पुरावा सलग मिळतो. २००४ साली आलेल्या ९९७ पिढीच्या कॅरेरा या मूळ प्रकारात ३.६ लिटरचे आधीच्याच पिढीतले इंजिन होते. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारे नवे इंजिन आणि दोन क्लचांचा पीडीके गिअरबॉक्स हे दोन्ही आले ते २००८ च्या सुधारित आवृत्तीत. २०११ च्या ९९१ पिढीने चाकांमधले अंतर वाढवले, स्टिअरिंग विजेवर नेले, पण इंजिने त्याच कुळातली ठेवली. २०१५ च्या मध्यावधी आवृत्तीत मात्र कॅरेराचे ३.४ लिटरचे टर्बोविना चालणारे इंजिन गेले आणि ३ लिटरचे दोन टर्बोंचे इंजिन आले. शक्ती ३५० वरून ३७० अश्वशक्ती झाली. २०१८ च्या ९९२ पिढीने हेच ३ लिटरचे इंजिन सुधारून पुढे नेले आणि आठ गिअरांचा नवा पीडीके दिला. त्या गिअरबॉक्सच्या आवरणात विद्युत मोटर बसेल एवढी जागा तेव्हाच ठेवली होती. पुढच्या बदलाची सर्वांत ठळक खूण तीच होती.

ती जागा मे २०२४ मध्ये भरली गेली. सुधारित कॅरेरा जीटीएसमध्ये गिअरबॉक्सच्या आत ४० किलोवॉटपर्यंत शक्ती देणारी मोटर आली, १.९ किलोवॉट-तासांची छोटी बॅटरी आली आणि दोनऐवजी एकच, पण विजेची जोड असलेला टर्बो आला. या टर्बोची रचना समजून घेण्यासारखी आहे. इंजिनातून निघणारा तप्त वायू ज्या चक्राला फिरवतो आणि जे चक्र हवा दाबून सिलिंडरात ढकलते, त्या दोहोंच्या मधल्या आसावर एक मोटर बसवली आहे. पायडल दाबताच ती टर्बोला वेग देते, म्हणून धुराचा दाब वाढेपर्यंत थांबावे लागत नाही. वायूचा जोर गरजेपेक्षा जास्त झाला, की तीच मोटर जनित्र होऊन ११ किलोवॉटपर्यंत वीज परत मिळवते. जादा वायू बाहेर सोडणारी वेस्टगेट ही झडप त्यामुळे लागतच नाही.

इंजिनाचे आकारमान ३ वरून ३.६ लिटर झाले, त्यामागचे कारणही नियमांशी जोडलेले आहे. टर्बोची इंजिने पूर्ण जोरात चालताना धुराचे तापमान आवरण्यासाठी जादा इंधन फवारतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र हवा आणि इंधन यांचे रासायनिक प्रमाण अचूक असतानाच नीट काम करतो. नवे इंजिन हे प्रमाण सर्व वेगांत पाळते. जादा इंधनाची सोय गेल्याने शक्तीत जी घट आली असती, ती मोठ्या आकारमानाने भरून काढली. एकूण शक्ती ४८० वरून ५४१ अश्वशक्तीवर गेली.

यावर पहिला आक्षेप असा, की १९९७ साली हवेऐवजी पाण्याने थंड होणारे इंजिन आले ते ९९६ या नव्या पिढीसोबतच. हे खरे आहे, पण त्याने वरील मुद्द्याची मर्यादा स्पष्ट होते. पाण्यासाठी पुढच्या भागात रेडिएटर आणि तिथपर्यंत नळ्या न्याव्या लागतात. जुना सांगाडा ठेवून ते नीट साधले नसते. जे सांगाडा बदलल्याशिवाय बसत नाही, ते नव्या पिढीची वाट पाहते. जे असलेल्या जागेत मावते, ते नियमांच्या मुदतीबरोबर मध्येच येते. दुसरा आक्षेप वजनाचा. हायब्रिड यंत्रणेने जीटीएस सुमारे ५० किलोंनी जड झाली आणि तिच्यात हाताने गिअर टाकण्याची सोय उरली नाही. ही हानी खरी आहे; स्पोर्ट्‌स कारचा आनंद केवळ घड्याळात मोजता येत नाही. तरीही न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफे या शर्यतमार्गावर ही गाडी आधीच्या जीटीएसपेक्षा ८.७ सेकंदांनी लवकर फेरी पुरी करते, म्हणजे वेगाच्या हिशेबात वाढलेले वजन वसूल झाले आहे. तिसरा आक्षेप जीटी३ चा. तिचे ४ लिटरचे टर्बोविना चालणारे इंजिन सुधारित आवृत्तीतही ९,००० फेऱ्यांपर्यंत फिरते. पण त्यासाठी धुराच्या मार्गात चार कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि दोन कणगाळण्या बसवाव्या लागल्या. जुने जपतानाही नियमांची किंमत मोजावीच लागते, हेच यातून दिसते.

सप्टेंबर २०२५ मध्ये टर्बो एस आली, तेव्हा तिच्यात हीच यंत्रणा दोन विद्युत टर्बोंसह होती आणि शक्ती ७११ अश्वशक्ती होती. जीटीएसची रचना पाहणाऱ्याला याचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. साध्या कॅरेरात आज विद्युत मोटर नाही, पण गिअरबॉक्स त्याच कुळातला आहे. म्हणून धुराचे नियम आणखी कडक झाले, तर पुढची मोटर तिथेच बसण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे.