अरुंद कापाची चेन : छोट्या कटर मशीनला खरंच फायदा होतो का? आपल्याच अंगणात करायची चाचणी

मिरजोळे : ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडात माड, पोफळी आणि आंब्याची कलमं आडवी केली. पुढच्याच वर्षी १६ मे २०२१ रोजी तौक्ते रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेलं. दोन्ही वेळी घरावर, रस्त्यावर आणि तारांवर पडलेली झाडं दूर करताना कोयता-कुऱ्हाड अपुरी पडली आणि भरवसा राहिला तो पेट्रोलच्या कटर मशीनवर. अशा वेळी अर्ध्या ओंडक्यात मशीन धापा टाकायला लागलं की दोष इंजिनाला दिला जातो. पुष्कळदा दोष चेनचा असतो.

दुकानात हल्ली 'नॅरो कर्फ' म्हणजे अरुंद कापाची चेन मिळते. ती लावली की मशीन भराभर कापतं, असं सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण अटीही आहेत, आणि त्या न बघता चेन घेतली तर पैसे वाया जातात.

अरुंद म्हणजे काय

चेन लाकडात शिरते तेव्हा जेवढ्या रुंदीचं लाकूड भुसा होऊन बाहेर पडतं, ती कापाची रुंदी. अरुंद चेनचे दात बारीक असल्याने भुसा कमी पडतो, म्हणून इंजिनावरचा भारही कमी होतो. ३० सेंटीमीटर व्यासाचा ओंडका घ्या. त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ साधारण ७०७ चौरस सेंटीमीटर. समजा एका चेनचा काप ८ मिलिमीटर आणि दुसरीचा साडेसहा. पहिली चेन एका कापात सुमारे ५६५ घनसेंटीमीटर लाकडाचा भुसा करते, दुसरी ४६०. म्हणजे जवळपास एकोणीस टक्के काम कमी.

पण काम एकोणीस टक्के कमी म्हणून वेळही तेवढाच वाचेल असं नाही. मोठ्या ताकदीच्या मशीनला रुंद कापाचा त्रास मुळात कमीच असतो. फरक जाणवतो तो ताकद कमी आणि पट्टी लांब अशा मशीनवर. बाजारात ५२ किंवा ५८ सीसीची, २० ते २२ इंची गाईड बारची जी स्वस्त मशीनं मिळतात, त्यांच्यावर तर नक्कीच.

खरेदीत इथे फसगत होते

चेनची दोन मापं असतात. एक पिच : लागोपाठच्या तीन रिबिटांमधलं एकूण अंतर भागिले दोन. आपल्याकडे ०.३२५ इंच (८.२५ मिलिमीटर) आणि ३/८ इंच लो-प्रोफाइल या पिचच्या चेन जास्त चालतात. दुसरं माप गेज : बारच्या खोबणीत बसणाऱ्या कडीची जाडी. ०.०५८ इंच म्हणजे १.५ मिलिमीटर, ०.०५० म्हणजे १.३ आणि ०.०४३ म्हणजे १.१.

वर सांगितलेल्या स्वस्त मशीनांवर बहुतेक ०.३२५ पिच आणि ०.०५८ गेजचा बार असतो. अरुंद चेन मात्र बहुतेक करून ०.०५० किंवा ०.०४३ गेजची. ती जुन्या बारवर चढते, कारण पिच तोच असतो. पण खोबणीत सैल राहते, कलते आणि काप तिरका जातो. शिवाय जुन्या बारचं अंग जाड असलं तर तो अरुंद कापात अडकतो. म्हणून अरुंद चेन घ्यायची तर तिचा बारही सोबत घ्यावा लागतो. नुसती चेन बदलून चालत नाही, हे सांगायला दुकानदार विसरतो म्हणे!

ओरेगॉनच्या चेनवर कोरलेला आकडा बघायची सवय लावा. २१ म्हणजे ०.३२५ पिच, ०.०५८ गेज, नेहमीचा काप. ९५ म्हणजे ०.३२५ पिच, ०.०५० गेज, अरुंद काप. ९० म्हणजे ३/८ लो-प्रोफाइल, ०.०४३ गेज. हस्कवर्ना आपल्या अरुंद प्रकाराला 'पिक्सेल' म्हणते. स्टिलच्या चेनमध्ये खोबणीतल्या कडीवर एकच आकडा असतो : १ म्हणजे १.१ मिलिमीटर, ३ म्हणजे १.३, ५ म्हणजे १.५. बारच्या शेपटीकडेही पिच, गेज आणि कड्यांची संख्या लिहिलेली असते. ती पुसली गेली असेल तर कड्या मोजून घ्या.

एक गंमत सांगायला हवी. आजच्या चेनचा वळलेला दात अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने शोधला आणि १९४७ मध्ये त्याचा कारखाना काढला. लाकूड आडवं-तिडवं कुरतडत जाणाऱ्या अळीकडे बघून त्याला ते सुचलं. ती अळी लांब मिशांच्या भुंग्याची. आपल्या कलमांना पोखरणारा भिरूड त्याच घराण्यातला!

चाचणी कशी करायची

दोन चेनची तुलना 'परवा ती चांगली चालली' अशा आठवणीवर होत नाही. परवा लाकूड ओलं होतं, आज वाळलेलं असतं.

एकाच झाडाचा, गाठी नसलेला, सरळ ओंडका घ्या. घोडीवर कंबरेच्या उंचीला पक्का बांधा. साल काढून टाका किंवा पाण्याने धुवा, कारण जांभ्याची लाल धूळ सालीत बसलेली असते आणि एका कापात धार घालवते. दोन्ही चेन आधी एकाच माणसाने, त्या त्या चेनला लागणाऱ्या मापाच्या कानशीने घासून घ्याव्यात. पाकिटातून काढलेल्या नव्या चेनची घरी घासलेल्या चेनशी तुलना केली तर ती कानशीची परीक्षा होते, चेनची नाही. दातापुढचा बुटका उंचवटा, ज्याला डेप्थ गेज म्हणतात, तो दोन्हींवर दाताच्या टोकापेक्षा सारखाच खाली हवा. ०.३२५ च्या चेनवर तो साधारण ०.६५ मिलिमीटर खाली ठेवतात. नेमकं माप चेनच्या पाकिटावर बघावं.

ओंडका बुंध्याकडून शेंड्याकडे बारीक होत जातो, म्हणून एका चेनचे सगळे काप आधी आणि दुसरीचे नंतर घेतले तर नंतरची चेन आपोआप पुढे जाते. यावर उपाय सोपा आहे. क्रम अ, ब, ब, अ असा ठेवायचा. प्रत्येक पाळीत तीन काप, त्यातला पहिला मोजायचा नाही. मशीन एकच, माणूस एकच, टाकी दर वेळी सारखी भरलेली, ऑइल चालू. मशीनवर जोर देऊ नये, तिच्या वजनाने जाऊ द्यावी. दात लाकडाला लागल्यापासून तुकडा पडेपर्यंतचा वेळ मोबाईलच्या स्टॉपवॉचने दुसऱ्या माणसाने लांब उभं राहून घ्यावा. कापाची रुंदी व्हर्नियरने मोजा. मिरजोळे औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये विचारलंत तर बघायला मिळेल. पाकिटावर 'अरुंद' लिहिलं म्हणजे काप अरुंद झाला असं होत नाही.

बरेच जण इथेच थांबतात. खरा निकाल पुढे आहे. आता साल असलेल्या ओंडक्यावर किंवा माडाच्या खोडावर प्रत्येक चेनने दहा-दहा काप घ्या आणि मग पुन्हा स्वच्छ ओंडक्यावर वेळ मोजा. माडाचं खोड आत मऊ, बाहेर टणक असतं आणि धार लवकर खातं. सागातही सिलिका असल्याने तेच होतं. पहिल्या कापाला जिंकलेली चेन दहा कापांनंतर हरू शकते. बागेत दिवसभर काम करायचं तर हा दुसराच आकडा उपयोगाचा. स्टॉपवॉच नसेल तर भुसा बघा : जाडसर पापुद्रे पडले तर धार आहे, पिठासारखा पडला तर गेली. बोथट अरुंद चेनपेक्षा धारदार रुंद चेन बरी, हे आमचं मत.

ओंडक्याच्या फळ्या काढणाऱ्यांना अरुंद चेन लाकूडही वाचवते. वरच्याच उदाहरणातले आकडे धरले तर दहा कापांत १५ मिलिमीटर. अख्खी इंची फळी त्यातून निघत नाही, पण फणसाचं लाकूड असेल तर तेही थोडं नाही. जुन्या कलमांची मधली फांदी काढून झाड मोकळं करणाऱ्या बागायतदाराला मात्र काप अरुंद की रुंद याने फरक पडत नाही, जखम तेवढीच होते. तिथे महत्त्व साफ कापाला आणि त्यावर लगेच बोर्डो पेस्ट लावण्याला, नाहीतर भिरूड येतो.

बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर मशीन उसळून तोंडाकडे येते. हे अरुंद चेनलाही लागू आहे. चाचणीतसुद्धा चेन ब्रेक तपासून, हेल्मेट आणि डोळ्यांना जाळी लावूनच सुरुवात करा. वादळात वाकून ताणलेल्या फांदीवर चाचणी नकोच. तारेवर पडलेल्या झाडाला महावितरणने लाईन बंद केल्याची खात्री होईपर्यंत हातही लावू नये. आणि उभं झाड तोडायचं असेल तर आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आहेत. मालकीच्या जागेतलं असलं तरी आधी परवानगी लागते.

चेन बदलली की कानसही बदलते का, हे विचारून घ्या. ०.३२५ च्या चेनला बहुतेक ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते, ३/८ लो-प्रोफाइलला ४ मिलिमीटरची. नवा बार, नवी चेन आणि जुनीच कानस असं झालं तर पहिली धार लावल्यावरच फायदा संपतो.