चांदा मुलखातील चाकाची शिस्त

नागपूरचे तिसरे रघुजी भोसले १८५३ साली निपुत्रिक वारले, त्यांचे राज्य खालसा झाले आणि त्याबरोबर गोंड राजांचा जुना चांदा मुलूखही इंग्रजी अमलाखाली आला. परंतु पुढे १८६१ साली मध्यप्रांत स्थापन होऊन जंगल खात्याचे नाके आणि बंदोबस्ताची दप्तरे उभी राहिली, तरी या अरण्यमय प्रदेशातील माल वाहण्याचा भार दीर्घकाळ बैलगाडीनेच सोसला. वैनगंगा आणि वर्धा यांच्या संगमातून निघालेली प्राणहिता ओलांडणे पावसाळ्यात दुष्कर, रानवाटा चिखलाने बुजलेल्या. त्यामुळे जी काही रहदारी व्हायची ती उघाडीच्या महिन्यांतच.

त्या गाडीचे चाक म्हणजे या जंगलाचाच एक अवतार होता. आखाला चिवट धावडा, चाकाला तिवस, साटीला मिळेल ते लाकूड, असा जाणत्या सुताराचा निवाडा असे, आणि हे लाकूड निस्तार हक्काने, म्हणजे गावाच्या गरजेपुरते रान वापरण्याच्या परंपरागत हक्काने, मिळते की रान राखीव झाल्यामुळे परवान्याची याचना करावी लागते, यावर गावोगावच्या गाड्यांची प्रकृती अवलंबून राही. तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या ठोकळ्यात, आरे ठोकून, आऱ्यांवर पुठ्ठे बसवून झाले की लोहार चाकाच्या घेरापेक्षा किंचित आखूड अशी लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करून त्यावर चढवी आणि लगोलग पाणी ओतून ती आवळून घेई. त्या आकुंचनात सांधा न् सांधा घट्ट होई.

अशा गाडीला चाकांच्या परस्पर दिशेचा प्रश्न मात्र फारसा पडत नसे, कारण दोन्ही चाके एकाच ताठ आखावर फिरत आणि वळविण्याचे काम बैल करीत. तुंबा झिजला की चाक डुले, वंगण संपले की कुरकुरे, एवढेच. हाल झाले ते रस्त्याचे. अरुंद लोखंडी धावेने खडीचा चुरा होतो अशी तक्रार त्या काळचे अभियंते आवर्जून करीत. ती खोटी नव्हती, पण शेतकऱ्याच्या चाकापुरता रस्ता बांधावा की रस्त्यापुरते चाक बदलावे, हा प्रश्न गाडीवानाला कुणी विचारल्याचे फारसे दिसत नाही. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या रस्ते समितीने रस्त्यांच्या विषयाला अखिल भारतीय स्वरूप दिले, आणि १९४३ साली नागपुरास भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत देशभरच्या रस्त्यांचा जो आराखडा ठरला तो नागपूर योजना याच नावाने ओळखला जातो.

चाकाच्या दिशेचा खरा प्रश्न मोटारीबरोबर आला. म्युनिकच्या लँकेन्स्पर्गर नावाच्या गाडीकाराने घोडागाडीची पुढची दोन चाके स्वतंत्र खिळींवर वळविण्याची युक्ती काढली. तिचा इंग्लंडातील हक्क ॲकरमनने १८१८ साली नोंदविला. मोटारीने तेच तत्त्व उचलले, आणि दोन चाकांना जोडणारा दांडा (टायरॉड, म्हणून आपल्या मिस्त्रींना परिचित) हा त्यांच्या परस्पर संबंधाचा नियंता झाला. तो अल्पसा लांब किंवा आखूड झाला की टायर रस्त्यावर नुसता फिरत नाही, आडवा घासलाही जातो. मुंबईत महिंद्रांनी १९४७ साली जीप जोडण्यास आरंभ केला, टाटांचे मालट्रक १९५४ पासून निघू लागले; बल्लारपूरच्या कागद गिरणीला बांबू लागे, आलापल्लीच्या सागवानाला आगाराकडे जायचे असे; तेव्हा बैलांच्या जागी इंजिन आले आणि सुताराच्या जागी मिस्त्री.

१९८२ साली या मुलखातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. आज त्या जिल्ह्यात धान आणि तेंदूपत्ता वाहणारी पिकअप गाडी दगडगोट्यांवरून आदळून एका बाजूला ओढू लागली की चाकांची दिशा मोजण्याचे यंत्र असलेले दुकान दूर पडते. आणि मग मालक सुताराच्याच सामग्रीकडे, सूत, ओळंबा आणि मोजपट्टीकडे वळतो. हे गावठी नव्हे, पुष्कळ अंशी शास्त्रशुद्ध आहे. हवा समान भरून गाडी सपाट जागी घ्यावी. चाक उचलून हलवून सांध्यांत ढिलाई नाही ना, हे आधी पाहावे, कारण ढिल्या सांध्यावरची मोजणी निरर्थक असते. मग दोन्ही पुढच्या टायरांवर समोरच्या बाजूस, तुंब्याच्या उंचीवर, खडूने खूण करून अंतर मोजावे, आणि गाडी अर्धे चाक पुढे ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूस आल्या की पुन्हा मोजावे. खूण तीच राहिल्यामुळे वाकड्या रिमचा दोष मोजणीत शिरत नाही. मागील चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाडीत पुढचे अंतर मागच्याहून एखाद-दोन मिलिमीटर कमी ठेवण्याचा प्रघात आहे, कारण धावताना रस्त्याचा विरोध चाकांना बाहेर फाकवतो. नेमका आकडा मात्र गाडीच्या पुस्तिकेतला घ्यावा. लॉकनट सैल करून दांडा थोडा थोडा फिरवायचा, गाडी पुढे-मागे नेऊन स्प्रिंगा बसू द्यायच्या आणि पुन्हा मोजायचे, एवढाच विधी.

ओळंब्याने चाकाचा उभा कल दिसतो. पण ज्या गाडीला पुढे पाट्यांवरचा एकसंध आख आहे, तिच्यात तो कल आखाच्या घडणीतच ठरलेला असल्याने घरी करण्यासारखे त्यात काही उरत नाही. कल बिघडलेला आढळला, तर आख वाकला आहे किंवा किंगपिन, म्हणजे चाक जिच्यावर वळते ती खिळी, झिजली आहे असे समजून गाडी कारखान्यातच न्यावी.