ॲल्युमिनियमच्या बोटीला तांबं का चालत नाही?

ॲल्युमिनियम गंजत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. पण झाईपासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावर खिडकीच्या पट्टीवर पांढरी भुकटी दिसली, तर तो गंजच. या धातूवर ऑक्साइडचा अतिपातळ थर आपोआप तयार होतो. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड तो जागोजागी फोडतं आणि खड्डे पडतात.

म्हणून बोटींसाठी ५०८३ क्रमांकाचा मिश्रधातू वापरतात. त्यात ४ ते ४.९ टक्के मॅग्नेशियम असतं, तांबं जास्तीत जास्त ०.१ टक्का. खाऱ्या पाण्यात तांब्याच्या संगतीनं ॲल्युमिनियम झपाट्यानं झिजतं. त्यामुळे लाकडी बोटीच्या बुडाला चालणारा तांबेयुक्त रंग इथे थेट लावणं म्हणजे पत्र्याचा घातच! स्टीलच्या बोल्टखालीही प्लास्टिकचा वॉशर हवा.

शिवाय बुडाला जस्ताचे ठोकळे बसवतात. पत्र्याऐवजी ते झिजतात. निम्मे उरले की बदलायचे.