अर्ध्या तासाला कॅमेरा बंद का पडतो? लांब शूटिंगसाठी छोटा कॅमेरा घेण्याआधी हे बघा

ग्रामसभेची वेळ अकराची, सुरू होते बाराला. कोरम, मागचं इतिवृत्त, जमाखर्चाचं वाचन यातच अर्धा तास जातो. मग घरकुलाच्या यादीचा विषय निघतो, आवाज चढतात, आणि नेमका त्याच वेळी स्टँडवर लावलेला कॅमेरा गुपचूप बंद झालेला असतो. गोंधळात कोणाच्या लक्षातही येत नाही. घरी येऊन कार्ड बघितलं तर क्लिप २९ मिनिटं ५९ सेकंदांची. यादी नाही, ठराव नाही, कोण काय बोललं तेही नाही.

कॅमेरा बिघडलेला नसतो. तो तसाच बनवलेला असतो, आणि दुकानात हे कोणी सांगत नाही. दुकानदार मेगापिक्सल सांगतो, झूम सांगतो, फोर-के आहे म्हणतो. पण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा, सप्त्यातलं दोन तासांचं काल्याचं कीर्तन, शाळेचं गॅदरिंग किंवा लग्नाचे विधी सलग टिपायचे असतील तर पहिला प्रश्न एकच: हा कॅमेरा एका दमात किती वेळ चालतो, आणि थांबतो तो कशामुळे? थांबण्याची कारणं चार-पाच आहेत. ती माहीत असली की दुकानात कोणी फसवू शकत नाही.

२९ मिनिटं ५९ सेकंदांची भानगड

ही मर्यादा यंत्राची नाही, कराची आहे, आणि तीही आपल्याकडची नाही. युरोपात फोटोचा कॅमेरा आणि व्हिडिओ कॅमेरा यांच्यावर आयातीचा कर वेगळा होता. फोटोच्या डिजिटल कॅमेऱ्याला कर नव्हता, व्हिडिओ कॅमेऱ्याला जवळपास पाच टक्के होता. एखादा फोटोचा कॅमेरा चांगल्या दर्जाचा व्हिडिओ एका दमात ३० मिनिटं किंवा जास्त काढू शकत असेल, तर तो व्हिडिओ कॅमेरा धरला जायचा. कंपन्यांनी सरळ उपाय केला. ३० मिनिटांना एक सेकंद कमी असताना शूटिंग आपोआप बंद. एकच मॉडेल जगभर विकायचं म्हणून ही अट आपल्या गावातल्या कॅमेऱ्यातही आली. कर ब्रुसेल्सचा आणि क्लिप तुटली आपली.

पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारानं हे कर टप्प्याटप्प्यानं निघाले आणि नव्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ही अट राहिली नाही. पण जुने आणि वापरलेले कॅमेरे बाजारात भरपूर आहेत, त्यांत ती आहेच. बंद झाल्यावर पुन्हा लाल बटण दाबलं की लगेच परत सुरू होतं. कॅमेऱ्याजवळ माणूस बसून राहणार असेल तर या अटीची फारशी अडचण नाही. कॅमेरा लावून तुम्ही पंगतीत वाढायला जाणार असाल तर मोठी अडचण आहे.

हँडीकॅमला मात्र ही अट नसते, कारण तो मुळातच व्हिडिओ कॅमेरा. म्हणून जुना हँडीकॅम चांगल्या अवस्थेत मिळाला तर फक्त लांब शूटिंगसाठी तो आजही वाईट नाही.

फाइलचे तुकडे

दुसरं कारण मेमरी कार्डातलं. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डावर माहिती मांडण्याची जी पद्धत असते तिला फॅट-३२ म्हणतात. तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. त्यामुळे बहुतेक कॅमेरे ४ जीबी झाले की स्वतःच दुसरी फाइल सुरू करतात आणि शूटिंग चालू राहतं. एका कीर्तनाच्या सात-आठ फाइल दिसल्या तर घाबरायचं काम नाही, कॉम्प्युटरवर त्या जोडता येतात. काही जुने कॅमेरे मात्र ४ जीबीला सरळ थांबतात, ते घ्यायचेच नाहीत. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं एक्स-फॅट पद्धतीची असतात, त्यांना ही अडचण नाही. तरी काही कॅमेरे मोठ्या कार्डावरही सवयीनं तुकडे करतातच.

खरा शत्रू उष्णता

छोट्या कॅमेऱ्यात सगळं यंत्र मुठीएवढ्या डबीत कोंबलेलं असतं. फोर-के व्हिडिओ काढताना आतला भाग तापतो, वारा खेळायला जागा नाही. म्हणून कंपन्यांनीच वेळ कमी ठेवली आहे. सोनीच्या आरएक्स-१०० मालिकेतला पाचवा कॅमेरा, २०१६ चा, आजही नावाजलेला आहे. पण फोर-के मध्ये तो एका वेळी साधारण पाच मिनिटंच चालतो, फुल एचडीत सुमारे २९ मिनिटं. कॅननचा जी-७ एक्स मार्क-३, २०१९ चा, फोर-के मध्ये दहा मिनिटांच्या आत थांबतो, फुल एचडीत २९ मिनिटं ५९ सेकंदांना. खोक्यावर फोर-के ठळक छापलेलं असतं, मिनिटं मात्र माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानांत बारीक अक्षरात.

सोनीचा झेडव्ही-१ हा २०२० चा कॅमेरा यात वेगळा, त्याला वेळेची अट नाही. मात्र तापला की तोही बंद होतो. त्याच्या मेन्यूत तापमानाला आपोआप बंद होण्याची एक सेटिंग आहे. ती 'स्टँडर्ड'वरून 'हाय' केली तर जास्त वेळ चालतो. कॅमेरा हाताला गरम लागेल, म्हणून स्टँडवर ठेवूनच वापरायचा. कॅननच्या २०२५ च्या पॉवरशॉट व्ही-१ मध्ये तर आत छोटा पंखाच बसवला आहे, यावरून उष्णतेची अडचण किती मोठी आहे ते कळावं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचं तापमान शून्य ते ४० अंश लिहिलेलं असतं. एप्रिल-मेच्या लग्नसराईत, पत्र्याच्या मांडवाखाली, ४० अंश दुपारी बारालाच पार होतात. म्हणून कॅमेरा सावलीत ठेवा. ऊन लागत असेल तर छत्री बांधा. मागचा स्क्रीन उघडता येत असेल तर तो अंगापासून लांब उघडून ठेवा. आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे फोर-के सोडून फुल एचडीत शूटिंग करा. गावातल्या टीव्हीवर आणि मोबाइलवर बघायचं असेल तर फुल एचडी पुरून उरतं. फोर-केच्या नादानं कीर्तन अर्धवट राहण्यापेक्षा साधं पण पूर्ण मिळालेलं बरं.

बॅटरी, आणि लाईटचा भरवसा

छोट्या कॅमेऱ्याची बॅटरीही छोटीच. झेडव्ही-१ ची बॅटरी १२४० एमएएचची, म्हणजे साध्या स्मार्टफोनच्या चौथा हिस्साच. कंपनीच्या आकड्यानुसार प्रत्यक्ष वापरात ती साधारण ४५ मिनिटं जाते. दोन तासांच्या कार्यक्रमाला तीन बॅटऱ्या लागतील, आणि प्रत्येक वेळी बदलताना क्लिप तुटणार.

त्यामुळे दुकानात विचारायचा दुसरा प्रश्न: शूटिंग चालू असताना यूएसबी वायरनं वीज घेता येते का? लक्ष द्या, 'चार्ज होतो' आणि 'चालू असताना वीज घेतो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही कॅमेरे बंद असतानाच चार्ज होतात. चालू असताना वीज घेणारा कॅमेरा असेल तर दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर अख्खं कीर्तन निघतं.

शूटिंगवाले बॅटरीच्या जागी डमी बॅटरी घालून थेट बोर्डाची वायर लावतात. शहरात ठीक आहे. आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि चालू शूटिंगमध्ये वीज तुटली तर त्या वेळची फाइल नीट बंद होत नाही, कधी कधी उघडतच नाही. आत खरी बॅटरी आणि बाहेरून पॉवर बँक, ही जोडी गावासाठी जास्त भरवशाची.

कार्ड किती मोठं?

हिशेब सोपा आहे. कॅमेऱ्याच्या मेन्यूत व्हिडिओचा दर मेगाबिटमध्ये दिलेला असतो. त्याला आठनं भागलं की एका सेकंदाला किती एमबी जागा जाते ते कळतं. २८ मेगाबिटला तासाला साडेबारा जीबीच्या आसपास, ५० मेगाबिटला साडेबावीस जीबी, फोर-केच्या १०० मेगाबिटला ४५ जीबी. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात ५० मेगाबिटनं अडीच तासांच्या वर मावतं, १०० नं जेमतेम सव्वा तास.

कार्डावर इंग्रजी यू अक्षरात ३ किंवा व्ही-३० असं लिहिलेलं घ्या. याचा अर्थ ते सेकंदाला कमीत कमी ३० एमबी लिहू शकतं. यात्रेत किंवा रस्त्यावर मिळणारी स्वस्त १२८ जीबीची कार्डं घेऊ नका. त्यात बनावट बरीच असतात. आकडा १२८ दाखवतात, आत जागा त्याच्या पाव भागही नसते, आणि भरल्यावर पुढचं सगळं जातं. नवीन कार्ड घेतलं की एकदा घरी पूर्ण भरेपर्यंत शूटिंग करून, शेवटची क्लिप उघडते का ते बघा.

ट्यूबलाइट का लुकलुकते

एक छोटी सेटिंग अनेकांचं काम खराब करते. आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेरा मात्र कधी कधी सेकंदाला ३० किंवा ६० चित्रांवर लावलेला येतो. मग ट्यूब आणि एलईडीच्या उजेडात व्हिडिओत पट्टे फिरतात. मेन्यूत 'पाल' निवडा आणि २५ किंवा ५० चित्रं ठेवा. सोनीच्या काही कॅमेऱ्यांत ही सेटिंग बदलताना कार्ड फॉरमॅट करावं लागतं, म्हणून आधीचं सगळं काढून घ्या.

रात्रीचा कार्यक्रम असेल तर सेन्सरचा आकार बघा. 'एक इंच' म्हणतात तो सेन्सर स्वस्त छोट्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरच्या साधारण चौपट क्षेत्रफळाचा असतो, त्यामुळे मांडवाच्या उजेडात चित्र कमी दाणेदार येतं. उलट तीस पट झूमचे छोटे कॅमेरे लहान सेन्सरचे असतात. शर्यतीच्या माळावर दिवसा ते कामाचे, रात्रीच्या भारुडाला नाहीत.

आवाज

ग्रामसभेत चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक पंख्याचा आणि वाऱ्याचाच आवाज आधी पकडतो. माइकची पिन लावायला जागा आहे का, ते बघून घ्या. झेडव्ही-१ आणि जी-७ एक्स मार्क-३ दोन्हींत आहे, आरएक्स-१०० च्या पाचव्या मॉडेलमध्ये नाही. नसेल तर एक जुना मोबाइल बोलणाऱ्यांच्या टेबलावर आवाज रेकॉर्ड करत ठेवा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. कर्ण्याच्या समोर कॅमेरा लावू नका, आवाज फाटतो.

मोबाइल का चालत नाही?

खरं तर बऱ्याच जणांचं मोबाइलवर भागतं. चांगल्या फोनला अर्ध्या तासाची अट नसते. पण शूटिंग चालू असताना फोन आला तर अनेक मोबाइलमध्ये रेकॉर्डिंग थांबतं, म्हणून आधी एअरप्लेन मोड लावावा लागतो. जागा भरलेली असते, फोन तापतो, आणि दोन तास फोन अडकून पडतो. वर्षातून दोन कार्यक्रम असतील तर कॅमेऱ्यावर पैसे घालू नका, स्टँड आणि माइक घ्या. महिन्याला दोन-चार असतील तर कॅमेऱ्याचा विचार करा.

पुरावा म्हणून लागणार असेल तर

ग्रामसभेचा किंवा बांधाच्या भांडणाचा व्हिडिओ उद्या कोर्टात लागू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा डिजिटल पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलचा अंगठाच, नोंदवायचा असतो. फाइलमध्ये थोडी जरी काटछाट झाली तर हा अंगठा बदलतो. म्हणून मूळ क्लिप जशीच्या तशी ठेवा, कापायची असेल तर कॉपी कापा. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, ती मूळ फाइल राहत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरी मर्यादा २ जीबीची. मूळ कार्ड बाजूला काढून, वर तारीख लिहून ठेवणं सगळ्यात सोपं. नवं कार्ड घ्यायला लागेल, पण भांडणाच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

दुकानात जाताना

नवा असो की वापरलेला, पैसे देण्याआधी कॅमेरा फुल एचडीत लावून चाळीस मिनिटं चालू ठेवायला सांगा. दुकानदार कुरकुरेल. तोवर बाहेर चहा घ्या. परत आल्यावर तो चालूच आहे का, किती गरम झाला, किती बॅटरी उरली, आणि कार्डात एक फाइल आहे की चार, हे बघा. वापरलेल्या कॅमेऱ्याची बॅटरी फुगलेली आहे का, तेही उघडून बघा. आणि घरी आणल्यावर पहिलं काम तारीख-वेळ बरोबर लावण्याचं. बरेच दिवस बॅटरी काढून ठेवली तर ती पुन्हा मागे जाते, त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमाआधी एकदा तपासा.