ताकदीच्या लाल इंजेक्शनची कुळकथा

पायाला मुंग्या येतात, तळपाय बधिर वाटतात, अशी तक्रार घेऊन सोलापुरात कुणी दवाखान्याची पायरी चढले की कारणे जवळपास ठरलेली असतात: यंत्रमागावर तासन् तास उभे राहून शिरा आखडल्या, साखर वाढली, नाहीतर मणक्यात गॅप आली. जाता जाता बहुधा एक लालसर द्रवाचे ‘ताकदीचे इंजेक्शन’ टोचले जाते. तो लाल रंग बी-१२ या जीवनसत्त्वाचा, त्याच्या रेणूच्या मध्यभागी बसलेल्या कोबाल्टभोवतीच्या रचनेमुळे आलेला. या इंजेक्शनचे कूळ शोधत गेले की ताकदीशी त्याचा संबंध दूरचा निघतो. मज्जारज्जू वाचवणे हे त्याचे खरे काम. पण वैद्यकाला या विकाराची ओळख रक्ताच्या दारातून झाली, आणि आजही आपण त्याच दाराशी थांबतो. सोलापूरच्या खाण्याकडे पाहिले, तर ही सवय इथे विशेष महाग पडते असे माझे म्हणणे आहे.

लंडनच्या थॉमस ॲडिसनने १८४९ साली एका जीवघेण्या पांडुरोगाचे वर्णन केले. अशा रुग्णांचा मज्जारज्जूही झिजलेला असतो, हे लिख्टहाइम या वैद्याने १८८७ मध्ये दाखवले आणि १९०० साली रसेल, बॅटन व कोलियर या लंडनच्या तिघांनी त्या झिजेला नाव दिले: ‘सबअक्यूट कम्बाइन्ड डीजनरेशन’. ‘कम्बाइन्ड’ अशासाठी, की रज्जूच्या मागच्या आणि बाजूच्या अशा दोन्ही पट्ट्या यात सापडतात. मागच्या पट्टीतून पाय कुठे आहे याची खबर मेंदूला जाते, बाजूच्या पट्टीतून मेंदूचा हुकूम पायाला येतो. या तंतूंवरचे मायलिनचे वेष्टण आधी फुगते, मग विरते. घोट्याच्या हाडावर थरथरता ट्यूनिंग फोर्क टेकवला तर अशा माणसाला त्याचा थंडपणा कळतो, पण थरथर कळत नाही. डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तो झोकांडतो, कारण पायांची खबर बंद झाल्यावर तोल सांभाळायला एवढे डोळेच उरलेले असतात. पायातली चप्पल निसटली तरी पत्ता लागत नाही.

पुढचा टप्पा औषधाचा. १९२६ साली मायनॉट आणि मर्फी यांनी रोज भरपूर यकृत खायला घालून हा पांडुरोग आटोक्यात आणला आणि त्याबद्दल १९३४ चे नोबेल मिळाले, तेही मुख्यतः रक्ताच्या नावावर. दरम्यान या कुळाची दुसरी शाखा आपल्याच मुंबईत फुटली. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये इथे आली आणि गरीब गरोदर बायकांचा, त्यात गिरणीत राबणाऱ्याही होत्या, असाच दिसणारा पांडुरोग तिने अभ्यासला. यकृताबरोबरच मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्कही गुण देतो, हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातले गुणकारी द्रव्य फॉलिक ॲसिड. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून मिळवले गेले आणि चार-पाच वर्षांतच कारखान्यात तयार होऊ लागले. ॲडिसनच्या पांडुरोगालाही ते दिले गेले. रक्त सुधारले, चेहऱ्यावर लाली आली. पण काही महिन्यांत त्याच रुग्णांपैकी अनेकांचे पाय लटपटू लागले, काहींची झीज तर आधीपेक्षा वेगाने वाढली. १९४८ मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये यकृतातून बी-१२ चे लाल स्फटिक हाती आले तेव्हा उलगडा झाला. रक्त या दोन्ही औषधांना दाद देते, मज्जारज्जू मात्र बी-१२ लाच देतो.

आता सोलापुरी ताट पाहा. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, मेथी किंवा अंबाडीची भाजी, हरभऱ्याची आमटी. पालेभाज्या, कडधान्ये आणि शेंगदाणे, तिन्ही फोलेट, म्हणजे अन्नातले फॉलिक ॲसिड, पुरवणारे. बी-१२ मात्र कोणत्याच वनस्पतीत नसते. शाकाहारी घराला ते दुधातून मिळते, आणि एका मोठ्या पेल्यात ते जेमतेम एक मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या निम्म्याच्या आसपास. चहापुरते दूध घेणाऱ्याचा हिशेब यात बसत नाही. म्हणजे हे ताट रक्ताला सावरून धरणारे आणि मज्जारज्जूला उपाशी ठेवणारे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रिया तपासल्या, तेव्हा दोनतृतीयांश जणींत बी-१२ कमी निघाले, फोलेटची कमतरता मात्र एकीतच. ही खेडी सोलापूरची नव्हेत, पण ताट फार वेगळे नाही. आणि रक्त चांगले म्हणून निर्धास्त राहता येत नाही. १९८८ साली लिंडेनबॉम यांनी न्यूयॉर्कमध्ये बी-१२ अभावी मज्जासंस्थेचा त्रास झालेले १४१ रुग्ण नोंदवले, त्यांतल्या ४० जणांना पांडुरोगही नव्हता आणि तांबड्या पेशीही फुगलेल्या नव्हत्या.

यावर कुणी विचारेल, की आजे-पणजे हेच खाऊन धडधाकट जगले, ते कसे? एक तर यकृतात बी-१२ चा काही वर्षांचा साठा असतो, त्यामुळे तूट आज पडली तरी लक्षण फार उशिरा दिसते. आणि म्हातारपणी काठी धरून अडखळणाऱ्याचे कारण तेव्हा कुणी तपासत नव्हते, ‘वात’ म्हणून ते सोडून दिले जाई. दुसरा आक्षेप मटण खाणाऱ्यांचा, आणि सोलापुरात तो हमखास येणार. पण रविवारचे मटण सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाही, आणि पोटात गेलेले बी-१२ शोषायला जठर ठणठणीत लागते. साखरेसाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत किंवा रोज ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांत ते शोषण उणावते. मग मुंग्यांचे खापर साखरेवर फुटते आणि तपासणी राहूनच जाते.

तिसरा आक्षेप सर्वांत सरळ वाटतो: लाल इंजेक्शन मिळतेच आहे, मग अडचण काय? अडचण अशी, की कधीतरी टोचलेल्या एका सुईने रक्तातला आकडा फुगतो, निदान झाकले जाते आणि रिकामा साठा भरत नाही. या विकारात आधी ठरावीक दिवसांनी इंजेक्शनांची पूर्ण मालिका द्यावी लागते आणि शोषणच बिघडले असेल तर नंतर जन्मभर मात्रा चालू ठेवावी लागते. उपचार पहिल्या काही महिन्यांत सुरू झाला तर चाल बरीच परत येते. उशीर झाला तर झिजलेला रज्जू पूर्ण भरून येत नाही, म्हणून मालिका सुरू करण्याआधी रक्त तपासायला पाठवणे आणि अहवालाची वाट न पाहता औषध चालू करणे, दोन्ही हवे.

राहिला प्रश्न सरकारी लोह-फॉलिक गोळीचा. ती बंद करा असे कुणी सुचवले तर ते धोक्याचे ठरेल. गर्भाच्या पाठीचा कणा नीट जुळायला फॉलिक ॲसिड लागतेच, आणि लोहाविना बाळंतपण अवघड होते. पण त्या गोळीत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते आणि बी-१२ काहीच नसते. म्हणजे सोलापुरी ताटातली विषमता ती आणखी वाढवते. पुण्याच्याच गटाने २०१२ पासून खेड्यांतल्या किशोरवयीन मुलामुलींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहिले. एवढीशी मात्रा लोह-फॉलिकच्या सोबतीला देणे, आणि पायाच्या मुंग्यांची तक्रार आली की मणक्याच्या एक्स-रेआधी घोट्याला ट्यूनिंग फोर्क लावणे, इतके तालुक्याच्या कोणत्याही आरोग्य केंद्राला जमण्यासारखे आहे.